सेलेस्तीनबायची लवंग

माझ्या शेजारणीला, सेलेस्तीनबायला, वसईच्या बाजारात अजून कुणी फसवू शकलेलं नाही. लग्नाच्या पंचविशीला ती नवऱ्याला घेऊन इटलीला निघाली, तशी मीही चिकटले.

फ्लॉरेन्सचं नावाजलेलं जेवण म्हणजे निखाऱ्यावर भाजलेला बीफचा जाडजूड तुकडा. आधी तो कच्चा दाखवतात, मग आत नेतात. पंचविशीचं जेवण म्हणून बायने स्वतः निवडला, चार बोटं जाड, कडेला पिवळी चरबी. परत आले ते पातळ काप, चरबीचा पत्ता नाही.

"हा आमचा तुकडा नाही," बाय मोडक्या इंग्रजीत म्हणाली.

हॉटेलच्या मालकाने छाती फुगवली. "तीन पिढ्यांत आमच्यावर कुणी संशय घेतला नाही, बाई!"

"तसं नाही हो. तुमची नजर चुकवून मी त्यात एक लवंग खुपसली होती. ती कुठे गेली?"

"ती होय? मीच उपटून फेकली. आमच्या मांसाला मिठाशिवाय काही लावलेलं चालत नाही!"

"मी लवंग खुपसलीच नव्हती," बाय म्हणाली. "आता आमचा तुकडा भाजा."

मालकाने ताट उचललं. बाय त्याच्या मागोमाग थेट स्वयंपाकघरात जाऊन निखाऱ्यापाशी उभी राहिली. मीही गेले. बघायला नको?