कवड्याने मागे पाहिलं नाही

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा माळावर गवत कमरेएवढं वाढायचं, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत निघालं तर वाटेत दिवसभरात एखादंच माणूस भेटायचं. अशाच एका माळाच्या कडेला, गावापासून हाकेच्या अंतरावर, हैबती नावाचा पारधी आणि त्याची बायको साळू एका खोपटात राहत होते.

लहानांनो आणि मोठ्यांनो, आधी त्यांची शिकार कशी चालायची ते ऐकून घ्या, म्हणजे पुढचं सांगायला मला सोपं जाईल. त्यांच्याकडे एक लांबरुंद जाळं होतं. त्याचं एक टोक हैबतीच्या हातात, दुसरं साळूच्या. हैबती नजर लावून पुढे चालायचा. गवतात लावे, म्हणजे ती तित्तिराहून लहान, मातकट पाखरं, दडून बसलेले दिसले, की तो नुसती मान हलवायचा. मग दोघं मिळून जाळं असं अलगद टाकायचे, की झोपलेल्या पोरावर कुणी पांघरूण घालतंय असं वाटावं. सापडलेल्या पाखरांतली दोन हैबती नेहमी परत सोडून द्यायचा. ती त्याच्या आज्याने घालून दिलेली रीत होती. अशी चाळीस वर्षं गेली.

हैबती माणूस चांगला होता, पण त्याला एक खोड होती. त्याची चूक म्हणून कधी नसायचीच. ठेच लागली तर दगड वाईट, वहाण तुटली तर चांभार वाईट. कुणी उलट बोललं की त्याच्या कपाळावर अशी आठी चढायची, की समोरच्याचं तोंड आपोआप मिटायचं.

मग एका हिवाळ्यात जाळं रिकामं पडायला लागलं. हैबती मान हलवायचा, जाळं पडायचं, आणि खाली निघायचं मातीचं ढेकूळ. नाहीतर लावे चार हात पलीकडून भुर्रकन उडून जायचे.

"तू उशीर केलास," हैबती म्हणायचा.

"हो, माझाच पाय अडखळला," साळू म्हणायची.

खरं काय ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. हैबतीचे डोळे अधू झाले होते. हे त्याला स्वतःला चांगलं माहीत होतं, आणि साळूला कळू नये म्हणून तो दिवसभर धडपडत असायचा.

तशात लेकीचा निरोप आला. "आता तुम्ही दोघं इकडेच या. ओसरी मोकळी आहे." जावई भला माणूस होता. पण जावयाच्या ओसरीवर बसून, आतून कुणी जेवायला हाक मारतंय का याची वाट बघायची, हे हैबतीला पटेना. शेवटी तो म्हणाला, "होळीपर्यंत बघू. तोवर जाळं भरलं नाही, तर खोपट मोडू आणि जाऊ."

"बरं," साळू म्हणाली. तिनेही त्याच माळावर चाळीस हिवाळे काढले होते.

चार दिवसांनी हैबती एका धनगराकडून कुत्र्याचं पिल्लू घेऊन आला. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, लांब कान आणि सतत ओलं नाक. त्याची आई मेंढरांमागे चालता चालता मध्येच एखाद्या झुडपापुढे एक पाय उचलून, शेपूट ताठ करून उभी राहायची. धनगराला त्याचा वैताग यायचा. पण हैबतीला कळलं होतं, की त्या झुडपात पाखरू असतं आणि तिच्या नाकाला ते समजतं. आईची ही खोड लेकरात उतरली असेल, तर आपले डोळे गेले तरी चालेल, असा त्याने विचार केला. अंगावरच्या ठिपक्यांवरून पिल्लाचं नाव ठेवलं कवड्या.

घरच्या अंगणातच शिकवणी सुरू झाली. आधी नुसतं 'थांब'. पुढ्यात भाकरीचा तुकडा ठेवायचा, आणि हैबतीने चुटकी वाजवल्याशिवाय कवड्याने तोंड लावायचं नाही. पहिल्या दिवशी भाकरी गेली, दुसऱ्या दिवशी भाकरी आणि दोरी दोन्ही गेली. पण महिन्याभरात कवड्या भाकरीपुढे लाळ गाळत, पण जागचा न हलता बसायला लागला. अंगणातून कोंबडी गेली तरी नुसते कान हलवायचा.

मग खरा धडा आला. हैबती रोज सकाळी, आधीच्या शिकारीतला पाळून ठेवलेला एक जिवंत लावा छोट्या करंडीत घालून अंगणात कुठेतरी लपवायचा. कधी कडब्यात, कधी गोवऱ्यांच्या ढिगात, कधी तुरीच्या काड्यांखाली. मग कवड्याला दोरीने धरून अंगणभर फिरवायचा. कवड्या बरोबर जागेवर थबकला, की कमरेच्या बटव्यातून सुकवलेल्या कलेजीचा तुकडा काढून त्याला द्यायचा.

आणि काय सांगू, पंधरा दिवसांत कवड्या चुकेनासा झाला. पाय वर, शेपूट ताठ, नाक करंडीच्या दिशेला. गावातली माणसं बघायला यायची. हैबती आठ ठिकाणी करंड्या ठेवायचा, लावा एकीतच असायचा, आणि कवड्या त्याच करंडीपुढे उभा राहायचा. लोक माना डोलवायचे. हैबती मिशीवरून हात फिरवायचा. "कुत्रा नुसता पाळून भागत नाही," तो म्हणायचा. "शिकवणारा लागतो."

मग थंडीतल्या एका सकाळी दोघं कवड्याला घेऊन माळावर गेले. हैबतीने दोरी सोडली. कवड्या दहा पावलं धावला, थांबला, आणि वळून हैबतीच्या तोंडाकडे बघत राहिला. "जा, शोध," हैबती म्हणाला. कवड्या आणखी दहा पावलं गेला आणि पुन्हा वळून बघायला लागला.

इतक्यात हैबतीच्या पायात काटा रुतला, म्हणून तो थांबला. त्याबरोबर कवड्याने पाय उचलला, शेपूट ताठ केली आणि समोरच्या दगडाकडे नाक करून उभा राहिला. हैबतीने घाईघाईने मान हलवली. जाळं पडलं. खालून एक सरडा बाहेर आला आणि सावकाश निघून गेला.

दिवसभर हेच चाललं. हैबती जिथे थांबेल तिथे कवड्या थबकायचा. संध्याकाळी रिकामं जाळं खांद्यावर टाकून घरी येताना हैबती म्हणाला, "याला नाकच नाही. धनगराने फसवलं मला. उद्या परत नेऊन देतो."

साळूने त्याच्या कपाळाकडे पाहिलं. आठी होती. ती साधेपणाने म्हणाली, "द्या की. पण त्याआधी उद्या एक दिवस लावा मी लपवते. तुमच्या पायात काटा गेलाय, तुम्ही बसा आत."

दुसऱ्या दिवशी साळूने करंडी लपवली आणि हैबतीला हाक मारली. हैबती दोरी धरून अंगणात आला. साळू आळशी नसली तरी फार लांब जाणार नाही, गोवऱ्यांच्या ढिगातच ठेवलं असणार, असं त्याने मनाशी ताडलं. कवड्याला घेऊन तो कडब्यावरून गेला, काड्यांवरून गेला, आणि गोवऱ्यांपाशी येताच कवड्या थबकला. अगदी ऐटीत.

"बघ," हैबती म्हणाला. त्याने गोवऱ्या उपसल्या. खाली काहीच नव्हतं.

साळूने रांजणामागून करंडी काढून दाखवली. आत लावा मजेत दाणे टिपत होता. दोनदा त्याच्या जवळून जाऊनही कवड्याने तिकडे नाक फिरवलं नव्हतं.

"तुम्हाला कुठं वाटलं होतं?" तिने विचारलं.

"गोवऱ्यांत."

"तोही तिथंच थांबला," साळू म्हणाली. "आणि तुमचा हात बघा कुठं आहे."

हैबतीने खाली पाहिलं. त्याचा हात बटव्यात होता. कलेजीचा तुकडा बोटांत आला होता. गोवऱ्यांपाशी येताच हात आपोआप तिकडे गेला होता, आणि रोज तसाच जात होता. पाऊलही तिथेच हळू पडत होतं. कवड्या इतके दिवस लाव्याचा माग काढतच नव्हता. तो हैबतीचा माग काढत होता.

हैबती ओट्यावर जाऊन बसला. ज्याला दिसत नाही त्याला सांगायला म्हणून कुत्रा आणला, आणि आपल्याला जे आधीच ठाऊक आहे तेवढंच सांगायला त्याला शिकवलं. त्याला मनापासून वाईट वाटलं. कवड्या येऊन त्याच्या पायावर हनुवटी ठेवून पडला. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

मग हैबती उठला. बटवा सोडून त्याने साळूच्या हातात दिला. घोंगडीची खोळ करून डोक्यावरून अशी घेतली, की तोंड दिसेना. "रोज तूच लपव," तो म्हणाला. "मला सांगू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस."

तीन दिवस कवड्या गोंधळून गेला. खोळीखाली वाकून धन्याचं तोंड शोधायचा, त्याच्या पायाची बोटं चाटायचा, आणि मग मध्येच बसून कुंई कुंई करायचा. चौथ्या दिवशी दुपारी पश्चिमेकडून वारा सुटला. कवड्याचं नाक वर झालं. तो दोन पावलं डावीकडे गेला, थांबला, परत फिरला, आणि पडक्या कुंपणापाशी त्याचा पाय हळूच उचलला गेला. या वेळी ऐट नव्हती. अंग थरथरत होतं.

हैबतीला ठाम वाटलं, की हा चुकतोय. त्याने दोरीला हिसका दिला. कवड्या कळवळला. साळू पुढे आली आणि कुंपणातून तिने करंडी बाहेर काढली.

हैबती गुडघ्यांवर बसला. कवड्याचं डोकं दोन्ही हातांत धरून म्हणाला, "चुकलं माझं."

साळूने करंडी खाली ठेवली. चाळीस वर्षांत हे शब्द तिने त्याच्या तोंडून ऐकले नव्हते.

शिकवणी पुन्हा पहिल्यापासून झाली. त्यात उरलेला हिवाळा गेला. होळीला एक दिवस राहिला, तेव्हा तिघं माळावर गेले. गावात पोरं गोवऱ्या गोळा करत होती, त्यांचा ओरडा लांबून ऐकू येत होता. आज जाळं रिकामं आलं, तर परवा खोपट मोडायचं हे ठरलेलं होतं.

दुपारपर्यंत काही नाही. हैबतीचा डोळा ओढ्याकाठच्या दाट झुडपांवर होता. झुडपं त्याला नीट दिसत नव्हती, पण कुठे आहेत ते पाठ होतं. लावे असले तर तिथेच असणार. आणि कवड्या थबकला तो भलतीकडेच, मुरमाच्या उघड्या उतारावर. तिथे गवत वीतभरही नव्हतं. नाकतोडाही लपला नसता अशी जागा.

हैबतीने शीळ घातली. कवड्या आला नाही. हैबती ओढ्याच्या बाजूला चार पावलं चालला आणि मुद्दाम थांबला. कवड्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्याचा एक पाय वर होता, आणि नाकपुड्या तेवढ्या हलत होत्या.

हैबतीने डोळे बारीक केले. त्याला नुसता तांबूस मुरूम दिसला. "तुला काही दिसतंय का?" त्याने साळूला विचारलं.

"कवड्याला विचारा," साळू म्हणाली.

हैबतीने ओढ्याकडे पाठ केली आणि मान हलवली. जाळं उघडलं आणि मुरमावर अलगद पसरलं. दुसऱ्याच क्षणी सगळं जाळं फडफडायला लागलं. हैबतीने हात घालून मोजले. अकरा लावे होते.

दोन त्याने सोडून दिले. ते उडून गेल्याचा आवाज ऐकू येईनासा झाल्यावर तो साळूला म्हणाला, "मला एकही दिसला नाही."

"ठाऊक आहे," साळू म्हणाली. "मला सगळे दिसत होते. आणि तुमच्या डोळ्यांचंही ठाऊक आहे, जाळं रिकामं पडायला लागलं तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

साळूने जाळ्याची घडी घालता घालता उत्तर दिलं. "कशी बोलू? चाळीस वर्षं मी तुमच्या तोंडाकडं बघूनच बोलत आले. तुम्ही जिथं थांबलात तिथं मीही थांबले, कवड्यासारखी."

हैबतीने कपाळावर हात ठेवला, जणू आठी आहे की नाही ते चाचपून पाहत होता. मग हळूच म्हणाला, "अजून काय काय सांगायचं राहिलंय?"

"पुष्कळ राहिलंय," साळू म्हणाली. "खोपटाचं छप्पर तुम्ही जिथं शाकारलंत तिथंच गळतं. तिथून सुरू करू."

हैबती हसला. वाटेने घरी जाताना साळू सांगत राहिली, आणि तो ऐकत राहिला. पुढे कितीतरी हिवाळे त्यांनी त्याच खोपटात काढले. छप्पर पुन्हा शाकारलं गेलं, कवड्याने वास काढला आणि साळूने मान हलवली. लेकीला निरोप गेला, की ओसरी मोकळीच ठेव, आम्ही सणाला पाहुणे म्हणून येऊ.

बोध: ज्याला खरं ऐकायचं आहे, त्याने आधी आपल्या कपाळावरची आठी काढावी, नाहीतर लोक त्याला त्याच्याच मनातलं सांगत राहतात.