मेहुण्यासाठी पुडी

त्या राज्यात सगळे दिवेच राहत होते, आणि त्यांच्यातल्या एकालाही स्वतःचा उजेड दिसत नव्हता. खाली पाहिलं की पायाशी आपलीच गोल काळी सावली, मान वर केली की दुसऱ्यांचा लखलखाट. त्यामुळे प्रत्येक पुरुष दिव्याला मनातून वाटे की बाकी सगळे झगझगताहेत, मंदावलोय तो मी एकटाच. पण हे बोलायची सोय नव्हती. दिवेलागणीला सगळे बाप्ये पारावर जमत, तेलाच्या आणि पोराबाळांच्या गप्पा हाणत. ज्योतीचं नाव कोणी काढत नसे. कोणाची ज्योत बसलेली दिसलीच तर शेजारचा पटकन म्हणे, "आज वारं फार सुटलंय बुवा." झाडाचं पान हलत नसलं तरी वारं सुटलेलं असायचं. तसा रिवाजच होता.

हरबाजी कंदिलाच्या मागे हे वारं बरेच दिवस लागलं होतं. वय झुकायला लागलेलं, काचेला एक बारीक तडा. त्या तड्यावर चिमटा वैद्याने दिलेला लेप तो नेमाने लावायचा. त्याची बायको कावेरी, पितळी समई. पूर्वी संध्याकाळी दोघं एका कोनाड्यात शेजारी उभी राहत आणि दोघांचा मिळून एकच उजेड भिंतीवर पडे. आता हरबाजी पारावरून उठायलाच मागत नसे. घरी आला की चावी फिरवून ज्योत अगदी बारीक करायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचा. सोंगच ते, झोप कुठली यायला! आत वात सारखी थरथरत असायची.

कावेरी काही विचारत नव्हती. तिला वाटलं, आपलंच पितळ काळवंडलं असणार. ती रोज चिंच लावून अंग घासायला लागली. घासून घासून लख्ख झाली, तरी त्याने मान वळवली नाही. मग ती आणखी घासायची.

अशात एकदा पारावर पाहुणा आला. भुईनळा. अंगावर सोनेरी चांदण्यांचा कागद, बोलणं तर असं फर्डं की विचारू नका. त्याने जरासं तोंड उघडलं आणि पांढऱ्या ठिणग्यांचं झाड उभं राहिलं. पाराचे डोळे दिपले.

"ही सगळी मुळीची कृपा," तो म्हणाला. "डोंगरापलीकडची आहे, सावलीत वाळवलेली. शंभर टक्के झाडपाला! आणि झाडपाल्याने कधी कोणाला अपाय झालाय का?"

मग निरंजनाने घसा खाकरला. "माझ्या मेहुण्याला हवी होती. बिचारा फार काळजीत असतो."

लगेच लामणदिव्यालाही मेहुणा आठवला. टेंभ्याला तर दोन निघाले. बघता बघता अख्ख्या पाराचे मेहुणे आजारी पडले, आणि जो तो आपल्या पोटातलं तेल ओतून मुळीच्या पुड्या घेऊ लागला. हरबाजीनेही ओतलं. ज्या तेलावर जळायचं तेच देऊन टाकतोय, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

पुडीला वास मात्र झकास होता. त्या संध्याकाळी हरबाजी ताठ मानेने घरी गेला, कोनाड्यात उभाही राहिला, आणि कावेरी हरखली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. दुसरी पुडी झाली, तिसरी झाली. वास तेवढा येत राहिला. जिवाला चैन पडेना. पारावर बसवेना, घरी जाववेना. शेवटी तो चिमटा वैद्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"माझ्या मेहुण्याला विचारायचं होतं..." त्याने सुरुवात केली.

चिमटा वैद्य तिरसट होता. त्याने पुडी हुंगली, उलटीपालटी केली. "मुळ्या काही बऱ्या असतात, काही कुचकामी. कोणाला थोडी तरतरी येतेही, नाही असं नाही. पण या पुडीत मुळीशिवाय काय कालवलंय ते मला दिसत नाही, आणि विकणारा सांगत नाही. मेहुण्याला म्हणावं, आधी इथे ये, काच वर कर, वात दाखव. आणि काचेला तडाबिडा असेल, वर माझा लेप असेल, तर या पुडीला हातही लावू नकोस."

काच वर करायची? परक्यासमोर? हरबाजीला नुसत्या कल्पनेने घाम फुटला. "सांगतो त्याला," असं पुटपुटत त्याने काढता पाय घेतला आणि थेट पार गाठला.

भुईनळा हसला. "मात्रा कमी पडली, दुसरं काय! ही घ्या खास पुडी. तुमच्या मेहुण्यासाठी."

हरबाजीने ती तिथेच टाकीत रिकामी केली. क्षणभर काही झालं नाही. मग आत सुरसुरलं आणि ज्योत काचेच्या वर उसळली, पांढरीफेक! पारावरच्यांची तोंडं उघडीच राहिली. काय सांगावं त्याचं सुख! तो धावत सुटला, तसाच कोनाड्यात शिरला आणि म्हणाला, "अगं, बघ! बघ तरी!"

कावेरीने बघितलं आणि ती दोन पावलं मागे सरली. "अहो, हा तुमचा उजेड नाही. काय झालंय तुम्हाला?"

लेप वितळून खाली ओघळला होता. तडा वरपर्यंत सरसरत गेला आणि काच फुटली. ज्योत एकदम कोसळली, निळी झाली, वातीच्या टोकाला कशीबशी चिकटून राहिली. आणि नेमकं आज, रिवाजाबाहेर, खरंच वारं सुटलं होतं. कावेरी वाऱ्याच्या बाजूला आडवी उभी राहिली. तिच्या स्वतःच्या दोन वाती विझल्या तरी ती हलली नाही. शेजाऱ्यांना हाका मारून तिने वैद्याला बोलावून घेतलं.

"काय घेतलंत?" वैद्याने विचारलं.

"मी नाही," हरबाजी धापा टाकत म्हणाला. "मेहुण्यासाठी आणली होती... चुकून..."

"वैद्यबुवा, मला भाऊच नाही," कावेरी म्हणाली.

हरबाजीने मान खाली घातली. मग मात्र त्याने सगळं सांगितलं: पुड्या, तेल, लेप, भिंतीकडे केलेलं तोंड. सांगताना त्याला रडू फुटलं. ऐकताना कावेरीलाही फुटलं. "आणि मी मेली चिंच लावत बसले," ती म्हणाली.

वैद्याने वात वर ओढली. टोकाला काजळीचा जाड गड्डा, खाली टाकी जवळजवळ कोरडी. त्याने गड्डा खुडला, तेल घातलं. "काच नवी बसेपर्यंत वाऱ्यात जायचं नाही. तडा दिसला तेव्हाच वातही दाखवली असती तर ही वेळ आली नसती. ज्योत पूर्वीइतकी उंच होईल असं वचन मी देत नाही. आता जी आहे, ती तुमची."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पार पाहुण्याची वाट बघत होता. पाराच्या मागे गवतात सोनेरी चांदण्यांचा कागद करपलेलं एक पुठ्ठ्याचं नळकांडं पडलं होतं. आत चिमूटभर करडी दारू, मुळीचा मागमूस नाही. तिकडे कोणी पाहिलं नाही. निरंजन म्हणाला, "आज वारं फार सुटलंय बुवा."

हरबाजी घरीच होता. काच नव्हती म्हणून त्याला भिंतीकडे तोंड करता येईना. आडोसा कावेरीचाच होता, त्यामुळे तिच्याकडेच बघत बसावं लागलं. बघता बघता तो थबकला. तिच्या घासून लख्ख झालेल्या पितळेत एक ज्योत दिसत होती. लहानशी, पिवळी, न हलणारी.

"कावेरी," तो हळूच म्हणाला, "हा कोण गं?"