पेज भरवताना

"मग तो दिवस चोवीस तासांचा, की युगायुगांचा? तुम्हीच काय ते सांगा, साहेब."

भांबळ पाळकांनी मान वर केली नाही. ते पत्नीला पेज भरवत होते.

अर्धांगवायूनं सगुणाबाईंची उजवी बाजू गेली होती. वाचाही गेली होती. एकेक घोट गिळायला त्यांना फार वेळ लागे.

सिलास दारातच उभा होता. लहानपणी याच पडवीत तो रविवारी मुलांच्या शब्बाथशाळेला, बायबलचे धडे घ्यायला बसायचा. आता पाळक होण्यासाठी सेमिनरीतून शिकून आला होता, आणि आल्या आल्या पहिल्याच उपदेशात त्यानं सांगून टाकलं की देवानं सहा दिवसांत सृष्टी केली, त्यातला दिवस म्हणजे आपला दिवस नव्हे. त्याचे वडील दाविदराव चर्चच्या मंडळीचे पंच. ते भर उपासनेत उठले आणि म्हणाले, देवानं दिवस म्हटलं म्हणजे दिवसच. सिलासनं तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत, त्यांना अडाणी म्हटलं.

त्या रविवारपासून बापलेक एका छपराखाली राहूनही बोलत नव्हते.

"सूर्य तर चौथ्या दिवशी झाला," सिलास म्हणाला. "मग आधीचे दिवस मोजले कशानं? मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ युग असाही होतो. तुम्ही नुसतं एवढं मंडळीपुढे बोला. तुमचा शब्द बाबा मोडणार नाहीत."

पाळकांनी फडक्यानं पत्नीची हनुवटी टिपली.

"धर जरा," ते म्हणाले. वाटी-चमचा त्याच्या हाती देऊन ते आत गेले.

सिलास खाटेशी बसला. त्यानं घाईनं चमचा पुढे केला. सगुणाबाईंना ठसका लागला, पेज गळ्यावरून ओघळली. तो घाबरला, ओशाळला. ओघळ पुसून त्यानं पुढच्या चमच्यात निम्मीच पेज घेतली.

मग तो थांबायला शिकला. गळा हलेपर्यंत थांबायचं, मगच दुसरा चमचा. पेज निवत चालली तशी सगुणाबाईंनी डावा हात कसाबसा उचलला आणि त्याच्या गालावर ठेवला.

तो हात तिथे असेपर्यंत सिलास हलला नाही. शब्बाथशाळा सुटल्यावर ही बाई त्याचं नाक पुसून त्याला घरी धाडायची. आज इतक्या दिवसांनी आला, तर त्यानं तिला साधा सलामही केला नव्हता.

वाटी रिकामी झाली तेव्हा पाळक आतल्या दारात उभे होते. केव्हाचे, कोण जाणे.

"किती वेळ लागला रे?"

सिलासनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर अंधारून आलं होतं.

"लक्षच नव्हतं, साहेब..."

"हं."

पाळकांनी वाटी घेतली. पत्नीच्या अंगावरची चादर सारखी केली.

"मग बाबांना काय सांगू?" सिलासनं विचारलं. आवाज आता अगदी खाली आला होता.

पाळकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आधी घरी जा. ते जेवायचे थांबले असतील."