कडेची मोहरी

भाज्या आपसांत भांडायच्या, त्या काळातली ही गोष्ट. भिवराबाईंच्या मळ्यात एक कोबी होता. गड्डा टणक, पानं तकतकीत. वाफ्याच्या कडेने मोहरीची ओळ होती आणि अळ्यांनी तिच्या पानांची पार चाळण केली होती.

कोबीला तिची किळस यायची. बाई आठवडाभर माहेरी गेल्या, तेव्हा वाफ्यात रोवून ठेवलेल्या खुरप्याला तो म्हणाला, "बाबा रे, ही घाण काढ. हिचा रोग मला लागायचा."

"बाईंनी स्वतः पेरलीय ती."

"सांडलं असेल बी चुकून."

खुरप्याला ते पटलं. त्याने ओळच्या ओळ कापून टाकली.

तिसऱ्या दिवशी कोबीच्या पानाखाली काहीतरी वळवळलं. तो हादरलाच. "तुम्ही तर मोहरीच्या ना?"

"छे," अळी खाता खाता म्हणाली. "आम्हाला कोबीच हवा होता. पण वाटेत मोहरी लागायची, तिथेच पोट भरायचं."

बाई परतल्या आणि मोकळी कड बघून मटकन खाली बसल्या. "मोहरी कुणी काढली गं बाई? अळ्यांनी तिला खावं आणि कोबी वाचावा, म्हणून तर लावली होती."

कोबी सुन्न झाला. लाजेने त्याने एक पान तोंडावर ओढून घेतलं. त्या पानाला इतकी भोकं पडली होती, की समोरची रिकामी कड त्यातूनही स्वच्छ दिसत होती.