न उघडलेल्या तिसऱ्या

फार पूर्वी नदी खाडीच्या तोंडाशी यायची ती करंजाची फुलं नि तांबडी माती घेऊन. समुद्राचं खारं पाणी लागलं की हातातलं सारं ती तिथल्या चिखलात ठेवायची. त्यावर चिखलातल्या तिसऱ्या, शिंपल्यांत राहणाऱ्या, गुबगुबीत व्हायच्या.

मग वरच्या अंगाला कारखाने आले. नदी शिसं आणि पारा आणू लागली नि सवयीने तेही चिखलातच ठेवू लागली.

"हे कशाला गं इथं?" म्हातारी तिसरी विचारायची.

"पुढं नेववत नाही बाई," म्हणून नदी हलकी होऊन निघून जायची.

एका ओहोटीला धर्मीबाय कोळणीने टोपली भरली. "आजीच्या वेळेसारख्या भरल्यात! पोरं खूश होतील."

टोपलीत म्हातारी तिसरी कुजबुजली, "हिच्या आजीच्या टोपात आपल्या आज्या कशा हसत उघडायच्या! आज मात्र कुणी उघडू नका."

पाणी खळखळा उकळलं. एकही शिंपला उघडला नाही. न उघडलेली तिसरी खायची नसते, हे धर्मीबायला आजीनेच शिकवलं होतं. तिने टोप मागच्या दारी उपडा केला.

"मेल्यांनो," ती करवादली, "माझ्या पोरांच्या तोंडचा घास काढलात!"