ठकूमावशीची अपुरी गोधडी

एका गावात ठकूमावशी नावाची एक सुईण राहत होती. निम्म्या गावाने पहिला टाहो तिच्याच हातांवर फोडला होता, त्यामुळे तिच्यापुढे पाटीलसुद्धा मिशीला पीळ देत नसे.

मावशीचा एक नियम होता. गर्भारणीला सातवा महिना लागला की तिची भाकरी अर्धी करायची. "पोर बारीक, तर वाट सोपी," असे ती सांगे. तिच्या सासूने तिला हेच शिकवले होते. डोहाळजेवणाला बाईला आग्रह करकरून खाऊ घालायचे आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या ताटातली अर्धी भाकरी काढून घ्यायची, ही गावाची रीतच होऊन बसली होती.

मावशीची एक सवयही होती. पाचवीच्या दिवशी ती बाळाच्या कमरेला काळा दोरा बांधी. दोरा नेहमी हातभर घ्यायचा, बांधून उरेल तो तोडायचा आणि त्या उरलेल्या दोऱ्याने आपल्या गोधडीवर एक ओळ शिवायची. एका बाळाची एक ओळ. कोणती ओळ कोणाची, हे तिला तोंडपाठ होते.

त्या वर्षी तेल्याची सून सगुणा गर्भार होती. तिला भूक काही आवरेना. अर्धी भाकरी संपवून ती घाण्यापाशी जाई आणि शेंगदाण्याची पेंड गुळाबरोबर गुपचूप खाई. पेंड कमी झालेली पाहून सासू म्हणे, "हा बैल मेला हल्ली फारच खातो!" बोलणी बैलाने खाल्ली, पेंड सगुणाने.

सगुणा अगदी सुखरूप बाळंत झाली. बाळाने असा टाहो फोडला की घाण्याचा बैल चालता चालता थांबला. पाचवीला मावशीने दोरा बांधला, तर बाळ इतके गुटगुटीत की दोरा उरला जेमतेम बोटभर.

"मावशी, दोरा आखूड घेतला काय?" सासूने विचारले.

सगुणाला रडू फुटले. "मावशी, पेंड बैलानं नाही खाल्ली. मीच खाल्ली."

सासूने कपाळावर हात मारून घेतला. मावशी मात्र तडक घरी गेली आणि तिने अंगणात गोधडी पसरली. काही ओळी लांब होत्या, काही आखूड; बाळ जितके बारीक, तितकी ओळ लांब. इतकी वर्षे ती त्या शिवत आली होती, पण त्यांच्याकडे नीट बघितले होते कुठे?

एका बाळावरून शहाणपण ठरत नसते, हे तिला कळत होते. म्हणून ती घरोघर गेली. "पोटुशी असताना काय खात होतीस? खरं सांग, मी कोणाला सांगणार नाही." मग काय, एकेकीने कबुली दिली. कोणी पांघरुणात फुटाणे खाल्ले होते, कोणी दुधावरची साय पळवून मांजरावर आळ घातला होता. गावात इतकी चोरी चालते, हे मावशीला तेव्हाच कळले.

ज्यांनी चोरून खाल्ले त्यांच्या बाळांच्या ओळी आखूड होत्या, आणि त्यांची बाळंतपणे काही अडली नव्हती. ज्यांनी इमानाने मावशीचे ऐकले, त्यांची बाळे किरकिरी, अशक्त, आणि ओळी लांबच लांब. सगळ्यांत लांब होती गोधडीची पहिलीच ओळ. ती मावशीच्या स्वतःच्या पहिल्या लेकीची. नऊ दिवसांची होऊन ती लेक गेली होती. मावशीने त्या ओळीवरून हात फिरवला आणि ती पोटभर रडली.

दोन दिवसांनी मावशीच्याच सुनेचे, बायजाचे, डोहाळजेवण होते. सुनेला घरात गुपचूप पोटभर वाढले असते, तरी कोणाला कळले नसते. मावशीचा मानही राहिला असता. पण जमलेल्या बायकांपुढे ती उभी राहिली.

"बायांनो, माझं चुकलं. उद्यापासून कोणत्याही पोटुशीची भाकरी अर्धी करू नका. उलट एक जास्त वाढा."

"म्हणजे मावशी, इतकी वर्षं आमची उपासमार केलीत ती?" पाटलीणबाई फणकारल्या.

"केली. पहिली माझीच केली. तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झाल्यावर गप्प बसले, तर ते पाप होईल."

तेवढ्यात सगुणाची सासू उठली. "बघता काय? वाढा बायजाला! मला घरी जाऊन बैलाची माफी मागायची आहे." साऱ्या बायका खो खो हसत सुटल्या आणि बायजाच्या ताटात दुसरी पुरणपोळी पडली.

बायजाला मुलगी झाली, चांगली गुबगुबीत. पाचवीला मावशीने नातीला दोरा बांधला. उरला तो सुईत ओवण्यापुरताही नव्हता. पुढे गावात तशीच बाळे होत राहिली आणि गोधडी होती तेवढीच राहिली.

"मावशी, गोधडी कधी पुरी होणार?" बायका मुद्दाम विचारत.

मावशी नातीला मांडीवर नाचवत म्हणे, "होऊच नये गं बाई!"

तात्पर्य: जुनी रीतही डोळे उघडून तपासावी, आणि चूक दिसली की ती आपल्याच तोंडाने सांगावी, मान थोडा कमी झाला तरी चालेल, पण आईचे ताट भरलेले असावे.