उखाजींची मोगरी

तापीकाठच्या तरडगव्हाण गावात, मारुतीच्या पारावर गोधडेमहाराजांचा मुक्काम होता, त्या काळातली ही हकिकत. महाराज नेहमी थकलेले असत. दर्शनाला कोणी आले, की महाराज आधी विचारीत, "दमलास का रे? मग टेक." बरीच मंडळी टेकत आणि काही न मागताच उठून जात.

त्यांतलेच एक उखाजी सुतार. गावच्या रथाच्या मोगऱ्या उखाजींकडे. मोगरी म्हणजे बाभळीची दणकट पाचर. रथ माणसे ओढतात. पण तो वळवायचा किंवा आवरायचा, तर धावत्या चाकाखाली नेमक्या क्षणी मोगरी सारावी लागते. क्षण चुकला तर हात जातो. उखाजींची दोन बोटे अशीच देवाकडे आधी पोचली होती. चाळीस वर्षे ही सेवा करून कंबर धरली होती. संध्याकाळी ते पारावर येत, महाराजांजवळ बसत. उखाजींची भक्ती ती एवढीच!

त्या साली रथाच्या उत्सवात प्रवचने सांगायला विश्वंभरशास्त्री आले. विषय एकच, चाक. पहिल्या दिवशी सूर्यरथाचे चाक झाले, दुसऱ्या दिवशी सुदर्शन, तिसऱ्या दिवशी काळचक्र. देहातली सहा चक्रे एका दिवसात आटोपली नाहीत. त्यांना दोन दिवस लागले. सहाव्या दिवशी कुंभाराचे चाक, विहिरीचा रहाट, चरखा आणि जाते घेतले. जाते म्हणजे संसार, असे शास्त्रीबुवांनी सांगितले. पहाटेपासून दळून आलेल्या बायकांना तसा संशय आधीपासूनच होता.

तेवढ्यात मागून घोरण्याचा आवाज आला. उखाजी दिवसभर रथाच्या चाकाचे आरे ठोकून आले होते, खांबाला टेकल्याटेकल्या त्यांचा डोळा लागला.

"अरे उखा!" शास्त्रीबुवा गरजले. "सहा दिवस मी घसा कोरडा करतोय. सांग, चाक म्हणजे काय?"

उखाजी दचकून उठले. "गोल असतं जी. आपणहून थांबत नाही. थांबवावं लागतं."

सभा हसली. शास्त्रीबुवा मात्र हसले नाहीत. त्यांना नवा मुद्दा सापडला होता. "ऐका! देवाचं चाक हा अडवतो म्हणे! काळाच्या गतीत लाकूड घालणारा तू कोण? मंडळी, हे पाप आहे. उद्या रथाला मोगरी लागणार नाही!"

पंचांनी माना डोलावल्या. मोगऱ्या देवळामागच्या खोलीत कुलपात गेल्या.

उखाजी पारावर आले. "महाराज, चाळीस वर्षं पाप केलं म्हणतात."

महाराजांनी गोधडी बाजूला सारून जागा केली. "टेक," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रथ निघाला. वर देवाशेजारी मानाने शास्त्रीबुवा. सपाटीला सगळे ठीक चालले. "पाहिलंत? अडवलं नाही, तर कसं सुरेख फिरतं!" ते वरून म्हणाले. पुढे तेल्याच्या घाण्याचा उतार लागला. खाली अरुंद बोळात बाया आरतीची ताटे घेऊन उभ्या. दोन्ही बाजूंना भिंती, हलायला जागा नाही. रथाने वेग घेतला. रथ आवरायला मागून धरलेले दोर माणसांच्या हातांची सालटी काढून सुटले.

"मोगरी! उखा, मोगरी घाल!" आता हे ओरडत होते स्वतः शास्त्रीबुवा.

उखाजी चाकाच्या बाजूने धावत होते. हात रिकामे. खाली बायांच्या किंकाळ्या उठल्या. नवस नाही, स्तोत्र नाही, त्यांच्या तोंडून एवढेच निघाले, "महाराज, आता माझ्याच्यानं होत नाही हो!"

आणि रथ थांबला! पहिल्या ताटातली ज्योत हातभर अंतरावर तेवत होती. चाकाखाली लोकांनी वाकून पाहिले. खडा नाही, काटकी नाही. नुसती हवा.

त्याच वेळी अर्ध्या कोसावर, पारापाशी भाजी घेऊन बसलेल्या येसाबाई माळणीने पाहिले, की पहुडलेल्या महाराजांनी उजवा पाय ताणला आणि "आई गं!" म्हणून टाच धरली.

शास्त्रीबुवा खाली उतरले, म्हणजे त्यांना उतरवले. येसाबाईचा निरोप पोचला तशी ते उखाजींना घेऊन पारावर गेले. महाराजांच्या टाचेवर चाकाच्या लोखंडी धावेचा काळानिळा वळ होता, वर रथाचे वंगण.

"उखा," महाराज कण्हत म्हणाले, "चाळीस वर्षं तू हे करतोस? आम्ही एकदाच केलं, तर कंबर गेली."

उखाजींना रडू आले. या कामाने माणसाची कंबर जाते, हे इतक्या वर्षांत कोणी त्यांना म्हटले नव्हते.

शास्त्रीबुवांनी महाराजांचे पाय धरायला हात पुढे केले. महाराजांनी पाय गोधडीत ओढून घेतला. "याला आता हात लावू नका, दुखतो. रथ अजून बोळाच्या तोंडाशी उभा आहे. उखा आज इथे टेकेल. मोगरी तुम्ही घ्या."

"महाराज, मला ते येत नाही," शास्त्रीबुवा हळूच म्हणाले. सात दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीविषयी असे म्हटले होते.

"कसं ते उखा सांगेल," महाराज म्हणाले आणि डोळे मिटले.

उखाजींनी सांगितले, "चाकाकडे बघा जी, देवाकडे नको. आणि पाठ ताठ ठेवून नाही जमत."

कुलूप उघडले. बोळापासून देवळापर्यंत शास्त्रीबुवा चाकापाशी चालत गेले आणि दर चार पावलांना मोगरी सारायला, सगळ्या गावासमोर, जमिनीला कपाळ लागेल इतके खाली वाकले.